ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स : अस्थिर काळातील कथाकार

मराठी ख्रिस्ती वाङ्‌मयाचा आरंभ कोठून झाला असे विचारले, तर बहुतेकांच्या ओठांवर फादर थॉमस स्टीफन्स यांचेच नाव येते. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या सभासंमेलनांतून आपण अनेकदा ऐकलेल्या असतात. परदेशातून आलेल्या एका धर्मगुरूने आपल्या भाषेवर एवढे प्रेम केले, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. परंतु या स्तुतीच्या ओव्यांपाशीच आपण थांबतो. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा प्रचंड ग्रंथ मुळात लिहावा का लागला, तो कोणी मागितला आणि ज्यांनी तो ऐकला त्यांना त्याने काय दिले, याचा विचार क्वचितच होतो. फादर स्टीफन्स यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले, तर एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. पायाखालची जमीन हलू लागली की माणसाला नियम आणि उपदेश पुरत नाहीत. त्याला कथा लागते. ही गरज ओळखणारा आणि ती भागवण्यासाठी आयुष्य वेचणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहिले पाहिजे.

बदलत्या इंग्लंडातील बालपण

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 साली इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. ज्या वर्षी हा मुलगा जन्मला, त्याच वर्षी इंग्लंडच्या मंदिरांतून शतकानुशतके चालत आलेली लॅटिन उपासना बाजूला सारून इंग्रजी प्रार्थनापुस्तक लागू करण्यात आले. 1553 मध्ये मेरी राणी गादीवर आली आणि जुनी उपासना परतली. 1558 मध्ये एलिझाबेथ राणी झाली आणि थोड्याच अवधीत पुन्हा सारे पालटले. म्हणजे वयाची दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच या मुलाने आपल्या देशाचा धर्म तीनदा बदललेला पाहिला. काल जे पुण्य होते ते आज गुन्हा ठरावे आणि उद्याचे कोणीच सांगू नये, अशा वातावरणात त्यांचे बालपण गेले. पुढे गोव्यात ज्या लोकांमध्ये त्यांना आयुष्य काढावयाचे होते, त्यांची अवस्था समजून घेण्याची तयारी जणू येथेच झाली.

तरुणपणी त्यांची मैत्री थॉमस पाउंड या कॅथलिक गृहस्थाशी जडली. दोघांनी मिळून रोमला जावे आणि येशूसंघात प्रवेश घ्यावा, असा बेत ठरला. परंतु इंग्लंड सोडण्यापूर्वीच पाउंड यांना अटक झाली आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. 1575 साली ते येशूसंघात दाखल झाले. हिंदुस्थानातील कार्यासाठी आपल्याला पाठवावे, अशी इच्छा त्यांनी वरिष्ठांकडे व्यक्त केली आणि ती मान्य झाली.

समुद्रावरील खुणा

4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा तांडा निघाला आणि 24 ऑक्टोबर रोजी ते गोव्यास पोहोचले. हिंदुस्थानात येऊन राहिलेले ते पहिले ज्ञात इंग्रज मानले जातात. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना होण्यास तेव्हा एकवीस वर्षे अवकाश होता. पोहोचल्यानंतर पंधरवडा लोटतो न लोटतो तोच, 10 नोव्हेंबर रोजी, त्यांनी वडिलांना एक सविस्तर पत्र लिहिले. ते पुढे इंग्लंडात छापले गेले आणि व्यापाऱ्यांनी, खलाशांनी आवडीने वाचले.

या पत्रात धर्मापेक्षा समुद्रच अधिक आहे. उत्तर-दक्षिण जाताना आकाशातील ताऱ्यांवरून अंतर समजते, परंतु पूर्व-पश्चिम जाताना आकाशात असा कोणताही स्थिर बिंदू सापडत नाही, ही त्या काळच्या नौकानयनातील मोठी अडचण त्यांनी वडिलांना समजावून दिली आहे. मग नावाडी काय करीत? दिसणारे पक्षी, पाण्यावर तरंगणारे शेवाळ, वाऱ्याची दिशा अशा लहानसहान खुणा जुळवून ते आपण कोठे आहोत याचा अंदाज बांधीत. हा अंदाज चुकेही. आपण हिंदुस्थानच्या जवळ आलो असे वाटत असता प्रवाहांनी त्यांची जहाजे सोकोत्रा बेटाच्या आसपास नेऊन सोडली होती. वाटेत दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि त्यांतले सत्तावीस मरण पावले. पूर्वीच्या सफरींच्या मानाने ही संख्या थोडीच समजली गेली.

किनारा दिसत नसताना मिळालेल्या खुणा एका सूत्रात ओवायच्या आणि त्यांच्या आधाराने पुढे जायचे, हे त्या नावाड्यांचे कसब होते. कथाही माणसासाठी हेच काम करते. सुट्या अनुभवांना ती सूत्र देते, आधी काय घडले आणि पुढे काय घडू शकेल याची कल्पना देते. तिच्यामुळे किनारा दिसू लागत नाही, पण सुकाणू हाती राहते.

साष्टीतील दुभंगलेला समाज

फादर स्टीफन्स यांचे बहुतेक आयुष्य गोव्याच्या साष्टी प्रांतात गेले. हा प्रांत 1543 मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आला होता. 1567 साली तेथील देवळे मोठ्या संख्येने पाडण्यात आली. आधीच अनेक कुटुंबे आपल्या देवतांसह नदी ओलांडून आदिलशाही मुलखात गेली होती. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. काही लोक गावातच राहिले व ख्रिस्ती झाले. त्यांतल्या कित्येकांचे भाऊबंद पलीकडच्या तीरावर होते. शेत तेच, घर तेच, भाषा तीच. परंतु देऊळ नाही, पुराणिक नाही, सणवार बदललेले. 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले होते आणि जुन्या धर्माची पुस्तके बाळगण्यास बंदी होती.

हा इतिहास कटू आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांच्या संतापातून पाच येशूसंघीयांची व त्यांच्यासोबतच्या ख्रिस्ती लोकांची हत्या झाली. फादर रुडॉल्फ अक्वाविवा हे त्यांतले प्रमुख होते. मारले गेलेले हे व्रतस्थ स्टीफन्स यांचे संघबांधव होते. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. दोन्ही बाजूंनी रक्त सांडलेल्या या भूमीत फादर स्टीफन्स यांना कार्य करावयाचे होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात येथील भाषांविषयी जिव्हाळ्याने लिहिले आहे. या भाषांचे उच्चार गोड आहेत आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले. हेच साम्य सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली मांडले आणि त्यातून भाषाशास्त्राची एक शाखा उभी राहिली. स्टीफन्स यांनी ते दोन शतके आधी टिपले होते. रक्तपाताच्या वर्षातही त्यांचे कान लोकांच्या बोलण्याकडे लागलेले होते, हे येथे लक्षात घ्यावे. कोकणी त्यांनी व्यवहारातून व धर्मशिक्षणातून आत्मसात केली. मराठी त्यांनी ग्रंथांतून व पुराणश्रवणाच्या परंपरेतून अभ्यासली. गोव्यात त्या काळी बोलण्याची भाषा कोकणी आणि धार्मिक काव्याची भाषा मराठी, अशी वाटणी रुळलेली होती.

एका श्रोत्याची मागणी

ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अवस्वरात, म्हणजे अध्यायात, ग्रंथाच्या जन्माची हकीकत आली आहे. एका रविवारी पाद्री-गुरू मुलांना धर्मशिक्षण देत असता एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण तेथे येतो. शिकवण चांगली आहे, प्रार्थना चांगल्या आहेत, हे तो मान्य करतो. परंतु तुम्ही आमची पूर्वीची पुराणे वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का रचून देत नाही, असे तो विचारतो. या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा सारा ग्रंथ.

ही मागणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्या माणसाने नियम मागितले नाहीत. नियम त्याच्यापाशी पुष्कळ होते. दहा आज्ञा त्याला पाठ होत्या. त्याला उणीव भासत होती ती निराळ्याच गोष्टीची. पूर्वी संध्याकाळी चार माणसे एकत्र बसत, पुराणिक कथा लावी, आणि त्या कथेतील राजाच्या, वनवाशाच्या, मातेच्या प्रसंगांतून आपल्या घरातील पेच सोडवण्याची दृष्टी मिळे. भावाशी कसे वागावे, संकटात काय धरावे, काय सोडावे, याचा विचार माणसे कथेतूनच करीत. पुराणे गेली तेव्हा ही विचार करण्याची जागाच गेली. पोकळी निर्माण झाली ती करमणुकीची नव्हे, तर मनाच्या आधाराची.

ही पोकळी ज्यांच्यामुळे निर्माण झाली, त्याच सत्तेच्या छायेत फादर स्टीफन्स काम करीत होते, हेही विसरता येत नाही. ती सत्ता बदलणे त्यांच्या हाती नव्हते. हाती होते ते इतकेच, की त्या माणसाचा प्रश्न उद्धट न ठरवता तो खरा मानायचा. त्यांनी तो खरा मानला आणि आपल्या ग्रंथाच्या दाराशीच त्याला मानाने बसवले.

परिचितातून अपरिचिताकडे

फादर स्टीफन्स यांनी रचना केली ती ओवीत. ज्ञानेश्वरांनी ज्या छंदात गीतेचा अर्थ सांगितला आणि 1599 साली समाधिस्थ झालेल्या एकनाथांनी ज्यात भागवत सांगितले, तोच हा छंद. ऐकणाऱ्याच्या कानांना तो परका नव्हता. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वर असून सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या येण्याची वाट पाहणाऱ्या संदेष्ट्यांपर्यंत जुन्या करारातील कथा येते. दुसऱ्या पुराणात एकोणसाठ अवस्वर असून प्रभू येशूचे चरित्र येते.

भाषेच्या बाबतीतही त्यांनी श्रोत्याचा विचार आधी केला. कवींच्या ठेवणीतली अवघड मराठी सामान्य माणसाला कळणार नाही, म्हणून त्यांनी सोप्या कोकणी शब्दांची जोड तिला दिली आणि तसे प्रस्तावनेत सांगितले. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा लोकांचा शब्द घेतला. मात्र ज्या गोष्टींना जुन्या जगात जोडच नव्हती, त्यांच्यासाठी बाप्तिस्मा, पवित्र आत्मा अशा ठिकाणी त्यांनी नवे, परदेशी शब्द तसेच ठेवले. ओळखीची वाट जेथपर्यंत जाते तेथपर्यंत त्या वाटेने न्यायचे आणि तेथून पुढे नव्या वाटेवर हात धरायचा, अशी ही रीत होती. अगदीच अनोळखी गोष्ट माणूस झटकून टाकतो आणि अगदी ओळखीची गोष्ट त्याला हलवू शकत नाही. या दोहोंमधली जागा कथाकाराला शोधावी लागते.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे या ग्रंथात श्रोता मुका नाही. कथा चालू असता कोणी मध्येच शंका काढतो, पाद्री-गुरू कथा थांबवतो, शंकेचे निरसन करतो आणि मग पुढे जातो. आपल्याकडील पुराणकथनाची व निरूपणाची ही जुनीच चाल होय. परंतु ज्या काळात बाहेर शंका काढणे धोक्याचे झाले होते, त्या काळात कथेच्या आत शंकेला जागा ठेवली गेली, याचे महत्त्व फार आहे. आदाम-हव्वेची कथा ऐकताना कोणाच्याही मनात येते, की परमेश्वर सर्वसमर्थ असता पाप जगात शिरलेच कसे. हा प्रश्न आदामाच्या निमित्ताने विचारता येतो. स्वतःच्या जळालेल्या घराच्या निमित्ताने तो विचारणे कठीण असते. कथा माणसाला आपल्या दुःखापासून थोडे दूर उभे करते आणि त्या अंतरावरून त्याला ते दुःख पाहता येते.

शिवाय या कथा तरी कोणाच्या होत्या? आपला देश व गणगोत सोडून अनोळखी प्रदेशाकडे निघालेल्या अब्राहामाच्या; भावांनी विकल्यावर परमुलखात जगणे शिकलेल्या योसेफाच्या; मिसर देश मागे पडला आणि वचनदत्त देश अजून दिसला नाही, अशा स्थितीत चाळीस वर्षे रानात भटकलेल्या इस्राएल लोकांच्या. ज्यांचे अर्धे कुटुंब नदीपलीकडे होते, त्या साष्टीच्या श्रोत्यांना यांत आपली कथा ओळखू आली असल्यास नवल नाही. प्रभू येशूनेही लोकांना शिकवताना व्याख्या दिल्या नाहीत. पेरणारा, हरवलेले मेंढरू, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा असे दाखले दिले आणि उत्तर शोधण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवले. फादर स्टीफन्स आपल्या गुरूच्याच पद्धतीने चालत होते.

छापखान्यातील अडचण

ग्रंथ देवनागरी लिपीत छापावा, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. 1608 मध्ये रोमला पाठवलेल्या पत्रात त्यांनी त्यासाठी परवानगी मागितली. अडचण खिळ्यांची होती. रोमन लिपीला चोवीस साचे पुरत. येथील लिपीत अक्षरे जोडाक्षरांसह धरावी लागत आणि साच्यांची संख्या सहाशेपर्यंत जाई. ते खिळे तयार झाले नाहीत. अखेर 1616 साली रायतूर येथील येशूसंघाच्या महाविद्यालयात हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. पोर्तुगीज मुखपृष्ठावर त्याचे नाव तारणाऱ्याच्या आगमनावरील प्रवचन अशा अर्थाचे होते. पण ते लोकांच्या तोंडी बसले नाही. रविवारी व सणांच्या दिवशी मंदिरांतून तो वाचला जाऊ लागला, आणि ज्या लोकांनी पुराण मागितले होते त्यांनी त्याला पुराणच म्हटले.

कोकणीतही त्यांचे काम मोठे आहे. त्यांनी रचलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक 1622 साली आणि कोकणीचे व्याकरण 1640 साली प्रसिद्ध झाले. ही दोन्ही पुस्तके छापलेली पाहण्यास ते हयात नव्हते. चाळीस वर्षे गोव्यात घालवून 1619 साली त्यांनी येथेच देह ठेवला. मायदेशी ते परत गेले नाहीत.

हस्तलिखितांची वाटचाल

ख्रिस्तपुराणाच्या 1649 व 1654 साली आणखी आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर वारे फिरले. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेचा वापर बंद करून तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. पुस्तके हिरावली गेलेल्या लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकावरही विस्मरणाची पाळी आली.

परंतु गोव्यातून दक्षिणेकडे, कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हा ग्रंथ आपल्यासोबत नेला. मंगळूर भागात तो हाताने उतरवून घेतला जाई, घरोघरी गायला जाई. 1784 साली टिपू सुलतानाने या भागातील ख्रिस्ती लोकांना मोठ्या संख्येने कैद करून श्रीरंगपट्टणला नेले आणि ही कैद 1799 पर्यंत चालली. त्या दिवसांत पुराणाच्या ओव्यांनी लोकांना धीर दिला, असे त्या समाजात सांगितले जाते. पाठ झालेली ओवी झडतीत सापडत नाही. परतलेल्या कुटुंबांत पुराणाचे गायन विसाव्या शतकापर्यंत चालू राहिले.

याच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ एल. सालढाणा यांनी 1907 साली मंगळुरात ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. पुढे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित आढळले. 1956 मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. 1996 मध्ये कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती आली आणि त्यानंतर फादर नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठीतील गद्यानुवादासह ग्रंथ वाचकांच्या हाती दिला. देवनागरीत छापण्याची फादर स्टीफन्स यांची इच्छा अशा रीतीने साडेतीनशे वर्षांनी पुरी झाली.

आपल्यासाठी

फादर स्टीफन्स यांच्या कथेने साष्टीच्या लोकांची अनिश्चितता संपवली नाही. सत्ता होती तशीच राहिली, दुभंगलेली घरे लगेच जुळली नाहीत. परंतु त्या माणसांना एकत्र बसण्याचे, प्रश्न विचारण्याचे आणि आपल्या दुःखाला मोठ्या कथेत जागा देण्याचे स्थान पुन्हा मिळाले. एवढ्या बळावर एक समाज आपली भाषा व आपली श्रद्धा सोबत घेऊन दुसऱ्या प्रांतात जाऊ शकला आणि तेथे टिकू शकला.

आज आपली मुले वसईहून, नाशिकहून, सोलापूरहून नोकरीनिमित्त बंगळूरला जातात, चंदीगड-पंचकुल्यास जातात, सातासमुद्रापलीकडेही जातात. त्यांच्यापुढचे पेच निराळे आहेत, पण गाव सुटल्यावर येणारे मनाचे रितेपण तेच आहे. आपण त्यांना काय देऊन पाठवतो? सूचना पुष्कळ देतो: हे करू नकोस, तेथे जाऊ नकोस, उपासना चुकवू नकोस. सूचना आवश्यकच आहेत. परंतु चारशे वर्षांपूर्वी साष्टीतील त्या अनामिक गृहस्थाने याहून अधिक काही मागितले होते. त्याची मागणी आपल्या घरातही केली जात असते, बहुधा शब्दांवाचून. संध्याकाळी अर्धा तास काढून पवित्र शास्त्रातील एखादी कथा मुलांना आपल्या भाषेत सांगावी, आजी-आजोबांनी कठीण काळ कसा काढला ते सांगावे, आणि मुलांनी मध्येच शंका विचारली तर कथा थांबवावी.

फादर स्टीफन्स थांबत असत. त्यांच्या ग्रंथाचे वय चारशेच्या पुढे गेले, त्याला हेही एक कारण असावे.